वरचं तेल

माझं वजन कधी वाढलं ते मला विचारू नका. दूध उतू जातं तेव्हा आपण नेमके दाराशी कुणाशी तरी बोलत असतो, तसंच झालं. मी बोलत राहिले आणि ते वाढत राहिलं. गुडघे दुखायला लागले म्हणून धुळ्याच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी आधी काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याहत्तर किलो. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, चप्पल काढायची राहिली."

ते म्हणाले, "आजी, चप्पल काय लोखंडाची आहे?"

मग त्यांनी एक्स-रेचे फोटो बघितले, गुडघे दाबले, आणि सरळ सांगितलं. गुडघे घासलेत, पण अजून कामातून गेलेले नाहीत. चार महिन्यांत आठ किलो उतरवा. उतरले तर ऑपरेशन लांबवू. नाही उतरले तर उन्हाळ्यात तारीख ठरवू.

मला कापाकापीची भीती नव्हती. तीन बाळंतपणं झालीत माझी. भीती होती ती अक्काची. म्हणजे अक्का होण्याची. माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं, आणि मोठी बहीण, आमची अक्का, अजून धुळ्यातच राहते. तिचे दोन्ही गुडघे बदलले. आता ती चालते छान, पण तिला सांगून ठेवलंय की जमिनीवर बसायचं नाही. आमच्याकडे उन्हाळा लागला की गल्लीतल्या बायका मिळून ज्वारीचे बिबडे घालतात. सकाळी सकाळी सगळ्या खाली बसतात, पापडासारखे बिबडे थापतात, आणि वर्षभराच्या गप्पा त्या तीन तासांत होतात. अक्काचा बिबड्यांवर असा हात की बायका लांबून बोलवायला यायच्या. आता तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची टाकतात. गप्पा चालतात खाली, आणि खुर्चीपर्यंत पोचतं ते फक्त हसू. कशावर हसल्या ते तिला कळत नाही. "काय म्हने? काय म्हने?" असं ती वरून विचारत बसते, तोपर्यंत खाली दुसरा विषय निघालेला असतो.

मी न बोलता जगू शकते का? तुम्हीच सांगा.

घरी आले आणि सुनेला सगळं सांगितलं. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिनं माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. माझी उंची विचारली, वय विचारलं, आणि म्हणाली, "आई, दिवसाला चौदाशे कॅलरी. जे तोंडात जाईल ते यात लिहायचं. घासन् घास."

मला टाईप करायला चष्मा लागतो आणि चष्मा शोधायला दुसरं माणूस लागतं. म्हणून तिनं बोलून लिहायचं शिकवलं. मी फोनला म्हटलं, "वरण-बट्टी." फोननं लिहिलं, "वरण बत्ती". आणि खाली सांगितलं की असा पदार्थ सापडला नाही. मी म्हटलं, "कळण्याची भाकरी." त्यानं लिहिलं, "कळण्याची भारी". आमचे हे (घरात सगळे त्यांना आबा म्हणतात) पेपर खाली ठेवून म्हणाले, "त्याला तरी कळलं की तू भारी आहेस."

असा माझा अभ्यास सुरू झाला. सकाळचा चहा लिहिला, त्यातली साखर लिहिली. एक शेंगदाणा उचलला तरी लिहिला. शेजारणीकडे हळदीकुंकवाला गेले तर साखरेचे चार दाणे लिहिले. मी लबाडी केली नाही हो, देवाशपथ. रोज संध्याकाळी फोनवर हिरवा टिळा यायचा आणि खाली लिहून यायचं, शाब्बास! चाळीस वर्षं या घरात स्वयंपाक करतेय, एवढं शाब्बास मला कुणी म्हटलं नव्हतं. मी तर तो फोन आबांच्या ताटाशेजारी उभा करून ठेवायची. बघा म्हणावं, अशी दाद देतात.

महिना झाला. काट्यावर चढले. अठ्ठ्याहत्तर किलो चारशे ग्रॅम.

आधी मी काट्याला दोष दिला. आबांना चढवून बघितलं, काटा बरोबर. मग फरशीला दोष दिला, काटा दुसऱ्या खोलीत नेला. मग म्हटलं हे ॲपच खोटं बोलतंय. सूनबाईला राग आला, कारण ॲप तिनं टाकलेलं. "आई, आज मी तुमच्याजवळ बसते. तुम्ही जेवा, मी लिहिते. बघू कोण खोटं बोलतंय ते."

त्या दिवशी संध्याकाळी खिचडी होती. तुरीच्या डाळीची, लसूण घातलेली, आमच्या पद्धतीची. ती म्हणाली, "दीड वाटी. लिहिली." मी म्हटलं, "कांदा पण लिही." तिनं कांदा लिहिला. "पापड भाजलेला." तोही लिहिला. मग तिनं तेलाचं भांडं उचललं, आपल्या खिचडीवर कच्चं तेल घातलं आणि भांडं माझ्याकडे दिलं. मी खिचडीला मधे आळं केलं, झाडाला पाणी द्यायला करतात तसं, आणि तेलाची धार सोडली. आणि तिचा घास हातातच राहिला.

"आई, हे कुठं लिहिलंय?"

"काय?"

"तेल."

"तेल कशाला लिहायचं? ते वरचं आहे."

समोरून आबा म्हणाले, "बरोबर आहे. वरचं कोण लिहितं?"

आता हे बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. आमच्या खानदेशात जेवण वेगळं आणि वरचं वेगळं. खिचडीवर तेल, बट्टीवर तूप, ठेच्यावर तेल, रस्स्यावर शेव. ताट वाढून झालं की मग हे येतं. ते कुणी खात नाही, ते नुसतं असतं. पाहुण्याला विचारतात, "जेवला का?" मग "वरचं घेतलं का?" हा प्रश्न निराळा. सून बोदवडची. तीही जन्मापासून वरचं घेऊनच वाढलेली. म्हणून महिनाभर माझं लिहिलेलं रोज वाचूनही तिच्या लक्षात आलं नव्हतं. विज्ञान शिकवणारी बाई, पण कपाळाला हात लावून बसली.

मग उठली आणि केकसाठी आणलेला मापाचा चमचा घेऊन आली. "आई, तुम्ही किती घालता?"

"मी मोजून नाही घालत. ते आपणच थांबतं."

"कधी?"

"आळं भरलं की."

तिनं नवीन ताट घेतलं, तेवढीच खिचडी घेतली, तेवढंच आळं केलं, आणि चमच्याचमच्यानं भरलं. पाच मोठे चमचे मावले. तिनं फोनमध्ये घातले. हिरवा टिळा गेला आणि सगळं लालेलाल झालं. "आई, खिचडी तीनशेची आणि वरचं सहाशेचं."

आबा वाकून बघायला आले. म्हणाले, "म्हणजे आपण खिचडीवर तेल नाही घेत. तेलाखाली खिचडी घेतो."

मी महिनाभर जेवण लिहीत होते आणि वरच्यावर वाढत होते. हसावं की रडावं ते कळेना. चारातला एक महिना तर असाच गेला.

दुसऱ्या दिवसापासून नियम केला, की आधी वरचं लिहायचं आणि मग जेवण. खिचडीवर तेल सोडलं नाही, ते मी सोडणारही नाही, त्याच्याशिवाय ती आजाऱ्याची खिचडी होते. पण चहाच्या लहान चमच्यानं एक. आळं एवढंसं, रोपट्याचं. सुनेनं माझ्या ताटात बोटानं रेघा ओढून दाखवल्या. अर्ध्या ताटात भाज्या आणि कोशिंबीर, पाव भागात डाळ, उसळ, दही असं काही, उरलेल्या पाव भागात भाकरी. मी म्हटलं, "अर्धं ताट पाल्याचं? मी काय शेळी आहे?" आबा म्हणाले, "आमच्या भावकीत एवढी सरळ वाटणी झाली असती तर बांधावरून कुणी भांडलं नसतं."

भूक लागायची, खोटं कशाला सांगू. पहिले आठ दिवस मी चिडून भांडी आपटायची. मग हळूहळू भाजीनं पोट भरायला लागलं. गंमत म्हणजे मी मेथी, चवळी, गवार एकेक लिहून, चमचे मोजून, पंधरा दिवसांत एक किलो उतरवला, आणि माझ्याच ताटातलं जेवून, काही न लिहिता, काही न मोजता आबांचे तीन उतरले. चेहरा असा करून फिरायचे जसा काही घाम गाळलाय. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. त्यांच्या लक्षातही आलं नाही, तो राग वेगळा.

खरी कसोटी सावद्याला लागली. तिथं चुलत दिराची केळीची बाग आहे, थंडीत भरिताची जेवणं होतात. हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात. मी पर्समध्ये तो चहाचा लहान चमचा घेऊन गेले होते. जाऊबाई भरीत वाढून झाल्यावर तेल घेऊन आल्या. मी ताटावर हात आडवा धरला.

"काय व ताई, आमचं तेल कडू लागतं का तुम्हाला?"

"कडू नाही हो. गुडघ्याला चढतं."

"गुडघ्याला तेल लावतात, ते काय वाईट असतं?"

दहा जणी बघत होत्या. मी पर्समधून चमचा काढला आणि पुढे केला. म्हटलं, "घाला, पण यात." जाऊबाईंनी चमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हा चमचा बाळाच्या औषधाचा आहे का?" सगळ्या एवढ्या हसल्या की भरिताचे ठसके लागले. पण घातलं त्यांनी चमच्यानंच. आणि जेवून झाल्यावर हळूच बाजूला येऊन विचारलं, "ताई, ते चमच्याचं जरा मलाही सांगा ना. माझेही गुडघे कुरकुरतात."

होळी झाली आणि डॉक्टरांची तारीख आली. आदल्या दिवशी मी काट्यावर चार वेळा चढले. बहात्तर. म्हणजे सहाच. दोन किलो कमी पडत होते, आणि तो पहिला महिना हातात असता तर पडले नसते, हे बसमध्ये धुळ्यापर्यंत मनातून जाईना. दवाखान्यात मी कानातले काढून ठेवले, बांगड्या काढल्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, एवढ्यानं काही होत नाही." त्यांनी गुडघे दाबले, वाकवले, मला चालायला लावलं. मग म्हणाले, "आता तारीख नको. जे करताय ते करत राहा, उरलेले दोन उतरवा, सहा महिन्यांनी या."

"आणि खाली बसलं तर?"

"थोडा वेळ बसा. उठताना आधार घ्या."

मी तिथून थेट अक्काकडे गेले. ती खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. मी तिच्यासमोर फरशीवर बसले. हळूहळू, एक हात भिंतीला धरून, पण बसले. पाय मुडपले. तिनं लसूण ठेवला आणि माझ्या मुडपलेल्या पायांकडे बघितलं. मला एकदम वाईट वाटलं, आपण हिच्यासमोर मिरवतोय की काय.

"बसनी," ती म्हणाली. "आते ऊठी दखाड."

बसले खरं, पण उठायचं कसं त्याचा विचार केला नव्हता. मी दोन्ही हात जमिनीला टेकले, गाय उठते तशी आधी मागून उठले, मग भिंत धरली, मग सरळ झाले. दोन मिनिटं लागली असतील. मी पदर सावरून तिच्याकडे बघितलं, काही तरी चांगलं म्हणेल म्हणून.

"आते ऊठनीच शे," रिकामा पेला माझ्यापुढे धरत ती म्हणाली, "ते माले पानी बी लई ये."