ण, ळ आणि सेनापती

साक्षीदार पिंजऱ्यात जायच्या आधी ते त्याच्याजवळ जायचे, दोन बोटं त्याच्या कोपराला नुसती टेकवायचे आणि हळूच म्हणायचे, “भेवाचं काई काम नाई. जे हाये ते बोलाचं.”

तुम्ही कधी साक्ष द्यायला कोर्टाची पायरी चढला असाल, तर त्या घटकेला वकिलाचे दहा सल्ले कसे डोक्यातून उडून जातात ते तुम्हाला ठाऊक असेल. या दोन वाक्यांनी मात्र माणूस थोडा सावरायचा. मी स्वतः माझ्या कितीतरी अशिलांना त्या दोन बोटांच्या भरवशावर आत सोडलं आहे.

ते अमरावतीच्या कोर्टात शिपाई होते आणि मी तिथे वकिली करते. पुकारा करणं हे त्यांचं मुख्य काम. दारात उभं राहून ते नाव पुकारायचे, तेव्हा पार मागे दुचाक्या लावतात तिथपर्यंत ऐकू जायचं. आवाज असा खणखणीत, पण बोली पक्की वऱ्हाडी. वऱ्हाडी जिभेला ण आणि ळ फारसे मानवत नाहीत. त्यामुळे काळे यायचे ते ‘काये’ होऊन आणि बळीराम ‘बयीराम’ होऊन. आमच्याकडे सगळ्यांना ते समजायचं. एकदा पुण्याहून आलेले एक काळे मात्र दाराशेजारच्या बाकावर बसून राहिले आणि त्यांचा पुकारा तीनदा झाला. ते नंतर तक्रार करायला लागले, तेव्हा आमचे हे शिपाई शांतपणे म्हणाले, “साहेब, मी तर तुमालेच बोलावून राहिलो होतो.”

मी त्यांना काका म्हणायची, ते मला ताई म्हणायचे. आमचं बोलणं एवढंच. म्हणून एका दुपारच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि निघेनात, तेव्हा मला वाटलं घरी काही झालं असावं.

“ताई, तुमचा ळ साफ हाये,” ते म्हणाले.

माझे वडील भिक्षुकी करायचे. लहानपणी स्तोत्र म्हणताना एक ण चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. त्यामुळे ळ साफ होता हे खरं, पण त्याचं कौतुक करायला कुणी आलेलं नव्हतं. काकांनी खिशातून मोबाईल काढला. अकोल्याची एक नाट्यसंस्था शंभर वर्षांपूर्वीचं एक पौराणिक नाटक पुन्हा करणार होती. वऱ्हाडातल्या कुणालाही निवड चाचणीला येता येणार होतं, वयाची अट नव्हती. सगळ्यांनी एकच स्वगत करून दाखवायचं होतं. युद्ध हरून परतलेला म्हातारा सेनापती रिकाम्या दरबारात उभा राहून बोलतो. युद्धाचा सल्ला त्यानेच दिलेला असतो आणि त्या युद्धातून त्याचा मुलगा परत आलेला नसतो.

दोन पानं होती. भाषा जुनी, जड. दर ओळीत एक तरी ण आणि एक तरी ळ.

“निवृत्तीले पाच महिने राहिले,” ते म्हणाले. “त्याच्याआधी एकदा जाऊन पाहाचं हाये. घरी सांगितलं नाई. तुमी फक्त शिकवा.”

मग आम्ही रोज दुपारी रेकॉर्ड रूमच्या मागच्या ओट्यावर बसायला लागलो. ते डबा बाजूला ठेवून जीभ टाळूकडे वळवत बसायचे. काळ, वेळ, कमळ, डोळा. दहा वेळा नीट यायचा आणि अकराव्या वेळी डोळ्याचा डोया व्हायचा. तसं झालं की ते लगेच मान खाली घालायचे, जणू त्यांच्यावर गुन्हा शाबीत झाला होता. तिसऱ्या आठवड्यात ण त्यांच्या अंगात इतका भिनला की कोर्टात नको तिथे निघायला लागला. एका सकाळी त्यांनी ‘णारायण’ असा पुकारा केला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “घसा बरा आहे ना?” काका हो म्हणाले, पण दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला होता.

पाठांतर त्यांचं चार दिवसांत झालं होतं. भीती शब्दांची नव्हती. ती कशाची होती ते मला चाचणीच्या रविवारी, अकोल्याच्या एस.टी.त कळलं.

काका पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री करून आले होते. बडनेरा मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर पाहून पुटपुटत होते. मग एकदम म्हणाले, “मी आधी एकदा केलं हाये नाटक.”

चोवीस-पंचवीस वर्षांचे असताना नांदगाव खंडेश्वरच्या काही मित्रांबरोबर त्यांनी अमरावतीत नाटक केलं होतं. भूमिका राजपुत्राची. शेवटच्या अंकात मरताना त्याला म्हणायचं होतं की माझे डोळे मिटत चालले आहेत. ते ‘डोये’ म्हणाले. पुढच्या रांगेतून एक जण हसला आणि मग सगळं सभागृह.

“मी मरून पडलो होतो, ताई, आन् लोक हसून राहिले होते. मेलेल्या मानसाले उठूनबी जाता येत नाई.”

मला हसू आलं आणि ते मी गिळलं. त्यांनी पाहिलं असणार, पण रागावले नाहीत. पुढे तीस-पस्तीस वर्षं त्यांनी स्टेजवर पाय ठेवला नाही. नाटक पाहायलासुद्धा गेले नाहीत.

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा ते उठून उभे राहिले. “चाला ताई, इथूनच परत जाऊ.”

“काका, तिकीट अकोल्यापर्यंतचं आहे.”

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मागच्या बाईने विचारलं, “उतरता का भाऊ? मंग सीट सोडा.” त्या बाईला सीट मिळू नये म्हणून की काय कोण जाणे, ते पुन्हा खाली बसले.

चाचणी एका शाळेच्या सभागृहात होती. बाहेर व्हरांड्यात वीस-पंचवीस जण भिंतीला टेकून ओळी घोकत होते. बहुतेक कॉलेजची मुलं. काकांच्या वयाचं कुणीच नव्हतं. एका मुलीने त्यांना विचारलं, “काका, कोणाला सोडायला आलात?” ते म्हणाले, “हिले,” आणि माझ्याकडे बोट केलं. हात त्यांनी पाठीमागे घट्ट बांधले होते. तीनदा पाणी प्याले, तीनदा आत कोण कोण बसलंय ते दाराच्या फटीतून पाहून आले.

मग आतून एक मुलगी आली आणि तिने यादीतलं त्यांचं नाव घेतलं. साध्या आवाजात, एकदाच. काका जागचे हलले नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी त्यांना हलवलं तर म्हणाले, “ऐकलं मी. मले कोनी पुकारलंच नोतं कधी. असं लागते होय पोटात?”

मी त्यांच्यासोबत आत गेले आणि मागच्या बाकावर बसले. समोर टेबलाशी संस्थेच्या दिग्दर्शिका होत्या, साठीच्या, शेजारी दोन तरुण. काका मधोमध उभे राहिले आणि पहिलंच वाक्य त्यांनी असं म्हटलं की एका तरुणाने पेन खाली ठेवलं. सेनापती बोलत नव्हता, पुकारा करत होता. चौथ्या ओळीला बाईंनी हात वर केला.

“तुम्ही कुणाला बोलावताय?”

काकांनी दाराकडे पाहिलं.

“दरबारात कुणी नाही. मुलगाही नाही. हाक मारून कुणी येणार नाहीये. आता बोला.”

काका बराच वेळ फरशीकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता हे वळतील आणि दाराबाहेर जातील. मग त्यांनी सुरुवात केली, इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं. रणांगण नीट आलं. काळोख नीट आला. मुलाचा घोडा एकटाच परत आला ते वाक्य आलं. आणि पुढच्याच ओळीत, जिथे मी चार आठवडे भीत होते तिथेच, डोळ्यांचे डोये झाले.

कुणीतरी हसलं. कदाचित हसलं नसेल, खोकलं असेल. काकांच्या मानेवरची शीर मला मागूनसुद्धा दिसली. ते थांबले. बाईंकडे वळून, कोर्टात साहेबांसमोर बोलतात त्या अदबीने म्हणाले, “म्याडम, एक शब्द चुकला. मागचं वाक्य पुन्हा घेऊ?”

“घ्या,” बाई म्हणाल्या.

त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं. ळ आला की नाही हे खरं सांगायचं तर मला आठवत नाही. एवढंच आठवतं की ते घोड्याकडे पाहत होते आणि घोडा मलाही दिसत होता. शेवटपर्यंत त्यांनी आवाज वर नेला नाही. संपल्यावर टेबलाशी कुणी काही लिहिलं नाही. बाई फक्त म्हणाल्या, “कळवू आम्ही.”

पुढचे आठ दिवस वाईट गेले. कोर्टात मोबाईल वाजून चालत नाही, म्हणून तो खिशात बंद ठेवायचे आणि दर सुट्टीत चालू करून पाहायचे. मी समोर दिसले की नुसती मान हलवायचे. नवव्या दिवशी फोन आला. सेनापती अकोल्याच्या एका तरुण प्राध्यापकाला मिळाला होता. काकांचा आवाज सगळ्यांना आवडला होता. ते चोपदार करतील का, म्हणून विचारलं होतं. राजा येण्याआधी त्याच्या नावाची ललकारी द्यायची आणि मग सिंहासनाशेजारी दंड धरून उभं राहायचं.

मी संतापले. “नाही म्हणून सांगा. जन्मभर पुकारा केलात, तिथेही तेच करायचं?”

“इचार करतो,” ते म्हणाले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आले तेव्हा मला काही वेगळेच दिसले. म्हणाले, घरी सांगून टाकलं. चाचणी, अकोला, चोपदार, सगळं. त्यांच्या पत्नी बाजारात फुलं विकायच्या. संध्याकाळी त्या दुसऱ्या दिवसाचे हार ओवत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “म्हनून तर दाखवा.” काकांनी तिथेच, झेंडूच्या टोपलीपाशी उभं राहून अख्खं स्वगत म्हटलं.

“हसल्या?” मी घाबरत विचारलं.

“नाई. सुई तशीच हातात राहिली. संपल्यावर मले म्हने, मंग त्याचा पोट्टा गवसला का?”

त्यांनी रुमाल काढून उगाच चष्मा पुसला.

“काय सांगितलंत?”

“पुढचं नाटक मले कुठी माहीत हाये? म्हटलं, अकोल्याले जाऊन पाहावं लागन.” मग म्हणाले, “चोपदार करतो, ताई. कोर्टात मी पुकारलं का मानूस घाबरत येते. तिथं पुकारलं का राजा येते. तेवढंबी पाहून घेऊ.”

नाटक झालं तोपर्यंत ते निवृत्त झाले होते. आमच्या दारात आता दुसरा शिपाई पुकारतो आणि भिंतीवर पडदा लागला आहे, त्याच्यावर खटल्यांचे आकडे सरकतात.

प्रयोगाला मी अकोल्याला गेले. काकांच्या पत्नी माझ्याशेजारी बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, मांडीवर पिशवी घट्ट धरून. आतून ललकारी आली तेव्हा सभागृह दचकलं. त्या मात्र जागच्या हलल्या नाहीत, त्यांना तो आवाज रोजचा होता. काका आले आणि दंड धरून सिंहासनाशेजारी उभे राहिले. दुसऱ्या अंकाच्या शेवटी राजा, मंत्री, सगळे निघून गेले आणि चोपदारही त्यांच्या मागोमाग विंगेत गेला. स्टेज रिकामं झालं. प्राध्यापक आला. त्याने छान, स्पष्ट आवाजात सुरुवात केली. ण आणि ळ जिथल्या तिथे.

घोडा यायला अजून तीन-चार वाक्यं होती. माझ्याशेजारी बांगड्या वाजल्या म्हणून मी वळून पाहिलं. त्यांनी पदर आधीच डोळ्यांना लावला होता.