सुवेरातला चहा

“थांब तितंच. आत पाय घालू नगंस.”

माझा डावा पाय उंबऱ्याच्या आत पडला होता. उजवा बाहेर. हातात कागदात गुंडाळलेलं झबलं. आत माजघरात पाळणा टांगलेला, गावातल्या पंधरावीस बायका बसलेल्या, घुगऱ्यांचा वास सुटलेला. आणि आक्का, त्या घरची सासू, कमरेवर हात ठेवून माझ्या पुढ्यात उभी.

मला वाटलं, चेष्टा करते. कालपर्यंत ह्याच बाईनं मला नर्सबाई म्हणून हाक मारून बाजेवर बसवलं होतं. म्हणून मी हसले. सांगायला लाज वाटते, पण मी हसले.

“आता घर शुद्ध झालंया,” ती म्हणाली. “आता न्हाई चालत. तिकडं पायरीवर बस.”

मी पाय मागं घेतला. कुणी ढकललं नाही, कुणी हात लावला नाही. माझा मीच घेतला. सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आहे, अजून.

पायरीवर बसले. अंगावर सरकारी पांढरी साडी, घडी मोडलेली नव्हती. आक्कानं सूप आणलं आणि माझ्यापुढं जमिनीवर ठेवलं. त्यात खण, नारळ, थोड्या घुगऱ्या. बाळंतपण केलं म्हणून माझा मान. घे, म्हणाली. मी झबलं पुढं केलं तर म्हणाली, खाली ठेव. मी खाली ठेवलं. मेढ्याच्या बाजारातनं कापड आणून मी ते हातानं शिवलं होतं, चार दिवस. तिनं त्यावर गोमूत्र शिंपडलं आणि मग दोन बोटांनी उचललं.

ज्या पोराच्या अंगात ते घालायचं होतं, त्या पोराच्या तोंडात मी माझ्या तोंडानं वारा घातला होता.

तेही सांगते. गाव मेढ्याच्या पुढं, डोंगराच्या पोटात. एसटी फाट्यापर्यंत, पुढं पायी. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी बावीस वर्षांची, सांगलीत नर्सचं शिक्षण घेऊन नुकतीच लागलेली. दवाखान्याचे डॉक्टर मोठ्या गावात, इथं मी एकटी. गावात मला खोली कुणी दिली नाही. आडनाव विचारलं आणि खोल्या भरल्या. मी आमच्या वस्तीत राहिले, एका म्हातारीच्या पडवीत. आमच्या लोकांनी धर्म बदलला त्याला अठरा वर्षं झाली होती. गावाला त्याचा पत्ता नव्हता, किंवा असून नव्हता.

हे घर गावातलं मोठं. थोरला मुलगा शेती आणि गावकी बघायचा, धाकटा फौजेत. फौजीची बायको शालन. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. सकाळी कळा सुरू झाल्या, दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी सुटका नाही. सुईण हात टेकून बसली तेव्हा गडी माझ्याकडं धावत आला. मी गेले. कुणी अडवलं नाही. सोपा ओलांडून, माजघर ओलांडून थेट आतल्या खोलीत. पोर निळं आलं, गळ्यात नाळ. रडेना. मी त्याचं तोंड पुसलं, माझं तोंड लावलं आणि फुंकत राहिले. केव्हातरी ते ओरडलं. आक्का माझ्या पाया पडायला वाकली होती. खोटं नाही सांगत, वाकली होती.

पुढचे दहा-अकरा दिवस मी रोज गेले. बाळाची बेंबी बघायची, शालनचा ताप बघायचा. अंघोळसुद्धा मीच घालायची, ते माझं काम नव्हतं तरी. आक्का निळ्या फुलांच्या कपबशीत चहा द्यायची. मी बाजेच्या कडेला बसून प्यायचे. शालन बोलायची, नवऱ्याची पत्रं माझ्याकडून वाचून घ्यायची. आणि मला वाटलं, ह्या घरानं मला आत घेतलं. मी आईला कार्डही टाकलं. इथल्या मोठ्या घरात मला माजघरात बसवतात, कपात चहा देतात, काळजी करू नकोस.

मूर्ख. दुसरा शब्द नाही.

बाळ जन्मलं की घराला सुवेर लागतं, हे काय मला माहीत नव्हतं? बारा दिवस ते घर विटाळलेलं. देवाला दिवा नाही, बाहेरचं कुणी पाणी घेत नाही. विटाळलेल्या घरात विटाळलेली बाई आली तर बिघडतंय काय? म्हणून मी आत. बाराव्या दिवशी घर सारवलं, धुतलं, गोमूत्र शिंपडलं, घर शुद्ध झालं. माझं काही झालं नाही. मी होते तिथंच राहिले, म्हणजे बाहेर. ह्यात त्यांच्या लेखी काही चुकलंच नव्हतं. चूक माझी. मी सुवेराला माया समजले.

त्या दिवसानंतर मला कुठंच बसता येईना. खरं तर आधीपासूनच येत नव्हतं, पण मी त्याला नाव देत नव्हते. सांगलीच्या होस्टेलात मुली डब्यातलं लोणचं वाटून खायच्या आणि माझ्यापर्यंत येईतो बरणी संपायची. माझं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ ऐकून हसायच्या, म्हणून मी ते घासून घासून काढलं. मग गावी, तासगावाकडं, सुट्टीला गेले की आमच्याच बायका म्हणायच्या, बघा कशी बामनावानी बोलती. इथं वस्तीत म्हातारी मला खाली बसू देत नसे, पोतं अंथरायची, स्वतः लांब बसायची. सायेबीन म्हणायची. डॉक्टरांच्या मीटिंगला गेले की खुर्ची कोपऱ्यातली. गावात पायरी. जिथं जावं तिथं मी एक तर जास्त, नाहीतर कमी. कधी कधी आरशात बघून मी स्वतःलाच विचारायचे, बाई गं, तू नक्की कुणाची? हे आता वाचायला बरं वाटत असेल. तेव्हा जीव नको व्हायचा.

दिवाळीला घरी गेले. आईनं जेवायला पाट दिला, ताट दिलं. स्वतः परातीतच जेवली. मी तिला झालेलं सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल. शिव्या तरी देईल. ती दिवसभर गुऱ्हाळावर राबून आली होती, बोटं चिकट झालेली. ती बोटं चोळत तिनं ऐकलं आणि म्हणाली, “त्यात नवं काय हाय? तुजी आजीबी तेवढ्यापुरती आत जायची.”

मी विचारलं, म्हणजे काय?

मग तिनं सांगितलं. आजी नाळ कापायला जायची. गावातल्या सगळ्या मोठ्या घरांत. बोलावणं आलं की हातातलं काम टाकून. जाताना घरामागच्या परड्यातल्या दारानं आत, येताना परड्यातल्या दारानं बाहेर. बाराव्या दिवशी तिला जुनेर मिळायचं, भाकरी मिळायची, टोपल्यात, लांबून. आजी ते जुनेर डोक्यावर धरून हसत घरी यायची. आई हे सांगताना हसली पण. तिला त्यात दुखण्यासारखं काही दिसतच नव्हतं. आजीला पण दिसलं नसेल.

मी ताटावरून उठले. भाऊजय म्हणाली, सायबिणीला आमचं कोरड्यास गोड लागत न्हाई. लागू दे न लागू दे. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. सातवीपर्यंत चार मैल चालत शाळा. मग बोर्डिंग. मग सांगली, परीक्षा, सर्टिफिकेट, टोपी, पांढरी साडी, पगार. एवढं सगळं करून मी पोचले कुठं, तर आजीच्या जागी. तिच्या हातात विळा होता, माझ्या हातात उकळलेली कात्री. बाकी दार तेच.

त्या दिवाळीपासून मी आतल्या आत बदलले. वरनं कुणाला कळलं नसेल.

दोन-अडीच वर्षं गेली. आणीबाणी उठून काही महिने झाले होते. शालनचं दुसरं बाळंतपण. सकाळी दहाच्या सुमाराला गडी आला. जायचं नाही हा विचार मनात आला का? आला. खोटं कशाला बोलू. पिशवी उचलेपर्यंत आला आणि गेला. अडलेल्या बाईवर राग काढायचा नसतो. ते त्यांनी करावं, मी नाही.

पुढच्या दारानं गेले. सोप्यावर शालनचा थोरला दीर आणि दोन पाव्हणे बसलेले. कुणी हूं का चूं केलं नाही. कळा चालू असल्या की माझी जात कुणाला आठवत नाही. दोनच्या आत शालन मोकळी झाली. मुलगी. धडधाकट, पहिल्या हाकेला रडली. आक्काचं तोंड पोरगी म्हटल्यावर उतरलं, पण रीत म्हणून तिनं चहा आणला. तीच निळ्या फुलांची कपबशी.

“घ्या नर्सबाई. दमलासा.”

मी हात धुऊन पुसत होते. कप घेतला नाही. विचारलं, “आक्का, बारसं झाल्यावर ह्याच कपात देणार का?”

तिला प्रश्नच कळेना. तवाचं तवा बघू, म्हणाली. मी म्हटलं, तवाचं आत्ताच सांगा. तिनं कप माझ्यापुढं आणखी सरकवला, वैतागली, आणि तिच्या तोंडून खरं ते निघून गेलं.

“आवं, आता सुवेर हाय. आता कायबी चालतंय की.”

कायबी. म्हणजे मी.

माझा आवाज चढला नाही. पण इतक्या वर्षांत जे बोलणं मी घासून काढलं होतं, ते आपोआप तोंडात आलं. “मी कायबी न्हाई, आक्का. मी मानूस हाय. बारशानंतर मला पायरीवर बसवनार आसशीला, तर आज तुमच्या घरातलं पानीबी नगं. आन् घरात इटाळ झाल्यावरच मी चालत आसंन, तर तुमी मला न्हाई, इटाळाला बाजंवर बसवताय.”

आक्का कप घेऊन तशीच उभी.

बाजेवरून शालन म्हणाली, “बाई, माज्यासाठी तरी घ्या की.” डोळ्यांत पाणी होतं तिच्या. त्या बारशाला ती पाळण्याशेजारी खाली मान घालून बसली होती, हे मी विसरले नव्हते. मी म्हटलं, “तुझं सुवेर बाराव्या दिवशी फिटतं, शालन.” तिनं भिंतीकडं तोंड केलं. ओल्या बाळंतिणीला मी असं बोलायला नको होतं. तिच्या हातात त्या घरातलं काय होतं? पण बोलले. माघार घेणार नाही.

आक्काला मी स्पष्ट सांगितलं. बाळ-बाळंतिणीला बघायला येणं माझं काम आहे, ते मी करणार. बारशाच्या आधी आणि बारशानंतरही. पुढच्या दारानं येणार. अंघोळ घालणार नाही, ते माझं काम नाही. खण-नारळ घेणार नाही. कुणी अडवलं तर सरकारी कामात अडवलं म्हणून नावानिशी लिहून वर पाठवीन.

चार दिवसांत डॉक्टरांनी बोलावलं. शालनचा थोरला दीर जाऊन आला होता. बाई उद्धट आहे, बाळंतिणीला रडवते. डॉक्टर माणूस वाईट नव्हते. ते मला समजावत होते, अगदी मायेनं. ‘कशाला डोक्याला ताप? तुमची बदली करून टाकू. तुमच्या तासगावकडं जा, आईजवळ राहा.’ बदलीसाठी लोक वर्षवर्ष खेटे घालतात. मला ती टेबलावर मिळत होती.

मी म्हटलं, “साहेब, त्यांनी दार बंद केलं म्हणून बदली माझी का?”

मी नको म्हणून लिहून दिलं.

बारशाला मला बोलावणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन मी गेले. घर सारवलेलं, दारात रांगोळी. आक्का दारात आडवी. मागं सोप्यावर तिचा थोरला मुलगा. शूर वगैरे मी नव्हते. मी म्हटलं, बाजूला व्हा, बेंबी बघायची आहे. ती हलेना. मी पण हलेना. पिशवीतनं कागद काढला, पेन काढलं, तिचं पूर्ण नाव विचारलं. तिनं थोरल्याकडं बघितलं. त्यानं दुसरीकडं तोंड फिरवलं. ती अर्धं पाऊल सरकली.

तिला काही पटलं नव्हतं. कागदाला भ्याली होती. मला तिचं मन नकोच होतं. मला वाट पाहिजे होती, ती मी घेतली. आत गेले, पोरीची बेंबी बघितली, शालनचा ताप बघितला आणि त्याच दारानं बाहेर आले. चहा कुणी विचारला नाही.

त्या डोंगरात मी पुढं पुष्कळ वर्षं काढली. बाळंतपणं किती केली ते आठवत नाही. सुवेर असलेल्या एकाही घरात पाणी प्यायले नाही. उन्हाळ्यात जीभ टाळ्याला चिकटायची, तरी नाही. बारशानंतर ज्यांनी आपण होऊन तांब्या पुढं केला, त्यांचंच प्यायले. अशी घरं दोन-तीनच.

माझी आजी हसत परत यायची. मी हसत नाही. मला उद्धट म्हणतात, म्हणोत. कुठल्याही घरात, कुठल्याही कचेरीत, कुठं बसू म्हणून मी आता विचारत नाही. माझा पाय आत पडला की तो मी मागं घेत नाही.