मामांचं व्हार्निश बोललं

हाताला लागलेली वस्तू तार गुंडाळल्याशिवाय न सोडणारा दुसरा माणूस आमच्या धाकट्या मामांच्या जन्मानंतर देवानं बनवला नाही. भवानीनगरच्या रस्त्यावर त्यांचं पंपांच्या जळक्या मोटारींना नव्यानं तार गुंडाळून देण्याचं दुकान होतं. पण कोयत्याची मूठ, छत्रीचा दांडा, मामींचं लाटणं, सगळ्यांवर वेढे! पणदऱ्याच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या बाशिंगाची दोरी सोडून पुन्हा गुंडाळायला घेतली. भटजी मुहूर्तासाठी ओरडतायत आणि मामा म्हणतायत, "थांबा वो, एक येढा सैल हाय!"

अशा माणसाकडे मी मुंबईहून धावत आलो. आमच्या प्रयोगशाळेत पाण्यातल्या अणूंचा चुंबकीय इशारा पकडायचं यंत्र उभं राहत होतं. नमुन्याच्या नळीभोवती काडेपेटीच्या काडीएवढी तारेची कॉइल लागे आणि माझी एकही जमेना. महिनाअखेर इशारा दिसला नाही, तर माझे सर यंत्रातलं मोठं चुंबक दुसऱ्याला देणार होते; म्हणजे माझं काम संपलंच!

"आरं, ही काय मुंगीच्या पंपाची मोटार हाय व्हय?" मामा खूश झाले. ठसका लागून हात हलेल म्हणून मामींना फोडणी बंद. दाभणावर, श्वास रोखून, अकरा वेढे!

मुंबईत कॉइल बसवली आणि यंत्राच्या पडद्यावरच्या सपाट रेघेत चक्क उंचवटा उठला, इशारा मिळाला! आम्ही नाचलो. कधी न हसणाऱ्या सरांनी मला मिठी मारली. मग त्यांनी पाण्याची नळी बाहेर काढली, तरी उंचवटा जागच्या जागी! मी कॉइल काढून निरखून पाहिली. मामांनी सवयीनं मोटारीसारखी कॉइलही व्हार्निशमध्ये बुडवली होती आणि व्हार्निशमधलेच अणू इशारे करत होते.

मी गावी जाऊन मामांना भीत भीत सांगितलं. मामांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी माझं वार्निश मुंबईत बोललं म्हण की!" दुसरी कॉइल त्यांनी नुसत्या तांब्याची करून दिली, देताना मात्र पुटपुटले, "उघडं लेकरू थंडीत धाडल्यागत वाटतंय रं."

मुंबईत ती बसवली. नळी आत, उंचवटा. नळी बाहेर, काही नाही. पुन्हा आत, उंचवटा! महिना संपायला दोन दिवस होते आणि माझं चुंबक वाचलं.

मी लगेच पत्र टाकलं, "मामा, पाणी बोललं, बघायला या." उत्तर आलं, "उसाचा हंगाम संपला की येतो." हंगाम संपला की विहिरीवरच्या पंपांची कामं निघत, ती उरकेपर्यंत पुन्हा हंगाम. मी नुसता 'या, या' लिहीत राहिलो. एसटीत बसून गेलो असतो आणि हाताला धरून आणलं असतं तर आले असते. मामा गेले. ज्यांच्या बोटांनी तो उंचवटा उठवला, त्यांनाच मी तो दाखवला नाही.