ब्रेक बनवणारी स्काइद्रुते

व्हिल्न्यूसमधल्या आमच्या प्रयोगशाळेत स्काइद्रुतेबाई ब्रेक बनवतात. गाडी नाही, चाकं नाहीत, नुसते ब्रेक. आपल्या रक्तातल्या शिपाई-पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं, तोच हा ब्रेक. ते दाबलं की शिपाई गप्प बसतो. कर्करोगाची गाठ लबाड असते. ती येते आणि त्यावर पाय देऊन उभी राहते. मधे घुसून तो पाय अडवणारी औषधं निघाली आहेत. ती तपासायला जगभरच्या प्रयोगशाळांना सुटा, शुद्ध ब्रेक लागतो. तो बाई फ्लास्कमधल्या पेशींकडून करवून घेतात, गाळतात, चिमुकल्या कुपीत भरतात. मी शेजारच्या टेबलावर त्याच कुपी मोजमाप करून नापास करत असतो, म्हणून आमची मैत्री घट्ट.

पण हे बाईंच्या जिन्यातल्या शेजाऱ्यांना कोण सांगणार? त्यांच्या मते बाई कर्करोगाचं औषध करतात आणि लपवून ठेवतात. आमच्या देशात कुणाकडे काम असलं की मोकळ्या हातानं जात नाहीत. त्यामुळे बाईंच्या दाराशी गावाकडची अंडी, धुरावलेलं मांस, शेपू घालून मुरवलेल्या काकड्या येत. बाई परत करायला जात आणि येताना मधाची बरणी घेऊन येत.

मग त्यांचा धाकटा भाऊ आजारी पडला. रिमगाउदस, ट्रॉलीबसचा ड्रायव्हर. फुप्फुसात गाठ. इस्पितळात त्याला तेच पाय अडवणारं औषध दिलं. गाठ वाढतच राहिली. डॉक्टरांनी ते बंद केलं, आणि तो बहिणीकडे आला. हातात मधाची बरणी.

"सख्ख्या बहिणीकडे मध घेऊन आलास?" बाई म्हणाल्या.

"सगळेच आणतात म्हणे. म्हटलं, माझं काम बरणीवाचून अडायला नको. ताई, तुझ्याकडची एक कुपी दे."

"अरे, ते औषध नाही. तो ब्रेक आहे. तुला टोचला तर काही होणार नाही, झालंच तर वाईट होईल."

"वाईट म्हणजे किती? मरेन?"

असा तो आठवडाभर रोज येत होता. रोज बाई नाही म्हणत होत्या आणि रोज तो थोडा आणखी बारीक दिसत होता.

आम्हा प्रयोगशाळेतल्यांच्या जातीचा माणूस अशा वेळी जी चूक करतो, तीच बाईंनी केली. दुसरी कुणी बहीण त्याच्याजवळ बसून रडली असती. बाईंनी त्याला प्रयोग दाखवायला आणलं. पुरावा बघितला की माणसाला बरं वाटतं, अशी आमची समजूत असते.

त्याला पांढरा कोट घालून माझ्या स्टुलावर बसवलं. प्लास्टिकच्या ताटलीत खळगे. सगळ्यांच्या तळाशी ब्रेक. अर्ध्या खळग्यांत रिमगाउदसला देत होते तेच औषध. आमच्याकडे ते तपासणीपुरतं असतं. मग सगळ्यांत गाठीचा पाय, म्हणजे दुसरं प्रथिन. शेवटी रंग, पाय पडला असेल तिथेच चढणारा. औषध नव्हतं तिथे पिवळाधमक झाला. औषध होतं तिथे पाण्यासारखं स्वच्छ.

"बघ," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अभिमानाचा होता, सवयीनं. "पाय पडलाच नाही. औषध चोख आहे."

रिमगाउदसनं ते स्वच्छ खळगे एकेक करून मोजले.

"म्हणजे औषध बरोबर, ब्रेकही बरोबर. मीच तेवढा नापास."

मी उगाचच टेबल पुसायला घेतलं.

"तसं नाही रे," बाईंचा आवाज उतरला. "ब्रेक एकच नसतो. आणखी असतात. दुसऱ्यावर पाय असेल. त्यावरची औषधं अजून तपासतायत."

"कधी व्हायची तपासून?"

बाई ताटलीवरची तारीख पुन्हा वाचायला लागल्या.

"ताई, इंजेक्शन नको देऊस," तो म्हणाला. "पण रोज तोंडावर नाही म्हणत जाऊ नकोस. ड्रायव्हर आहे मी. ब्रेक सुटला आणि गाडी हलली नाही, तर काय समजायचं ते मला कळतं."

त्यानं कोट काढला, व्यवस्थित घडी करून स्टुलावर ठेवला आणि गेला. बाईंनी ताटली धुवायला टाकली नाही. दुसऱ्या दिवशी ती कोरडी पडून मळकट झाली, तरी तिथेच.

आता बाईंनी दुसरा ब्रेक करायला घेतलाय. कुणी मागवलेला नाही. प्रयोगशाळेच्या साहेबांनी विचारलं तर त्या म्हणाल्या, "लागेल कुणाला तरी." साहेबांनी पुढे विचारलं नाही. त्यांच्या घरून गेलेलं लोणीही बाईंच्या फ्रिजमध्ये आहे.

रिमगाउदस परत इस्पितळात आहे, नाकाला नळी. बाईंच्या फ्लास्कमधल्या पेशी मात्र त्यांच्याच चालीनं वाढतात. खायला जास्त घातलं तर उलट मरतात. आणि प्रथिन हाती आलं तरी ते कुपीतच राहणार, त्याच्यापर्यंत पोचणार नाही. हे बाईंना आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी सकाळी आल्या की, कोटाची बटणं लावायच्या आधी, त्या फ्लास्क खिडकीशी उजेडात धरतात आणि मला विचारतात, "कालच्यापेक्षा दाट वाटतंय ना?"

माझं काम नापास करायचं. मी म्हणतो, "वाटतंय."