सर आणि अंधेरीची डबी

आमचे सर दहा मिनिटं एका जागी स्वस्थ बसलेले जगात कुणीही पाहिलेले नाहीत. लग्नाच्या फोटोतसुद्धा वहिनी स्पष्ट आहेत आणि सर हललेले. आम्ही दोघं एका पॅथॉलॉजी लॅबचे सर्व्हर सांभाळायचो. सर्व्हर अंधेरीला, सर मुलुंडला, आणि मधल्या रस्त्यावरचे खड्डे ते भावकीतल्या माणसांसारखे ओळखायचे. शेवटी लॅबने एक तळहाताएवढी डबी घेऊन दिली. ती जोडली की सर्व्हरचा स्क्रीन, कीबोर्ड, अगदी चालू-बंदचं बटणसुद्धा घरच्या लॅपटॉपवर येतं. सरांच्या पायांना विश्रांती मिळावी हा हेतू. पण सर घरून सर्व्हर चालू करायचे आणि तो खरंच चालू झालाय का, हे बघायला रिक्षा पकडायचे. "स्क्रीन दिसतो रे, पण पंख्याचा आवाज कुठे येतो त्यात?" तिथे पोचले की मशीनच्या पाठीवर हात ठेवायचे, पोराचा ताप बघावा तसा.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि ते मी लपवत नाही. सरांची बारावीही पुरी नाही. तेही लपवत नसत. मला नोकरीत कायम करायला दोन आठवडे उरले असताना, एका रविवारी दुपारी, मी दिंडोशीच्या घरून डबीतून सर्व्हर रीस्टार्टला टाकला आणि तेवढ्या वेळात नेटवर्कची साफसफाई काढली. एक पोर्ट बिनकामाचं वाटलं म्हणून बंद केलं. ते डबीचंच होतं. माझ्यासमोरचा स्क्रीन गोठला, तिकडे सर्व्हर कुणीतरी कळ दाबेल म्हणून अडून बसला, आणि लॅबचे रिपोर्ट थांबले. त्या दिवशी सरांच्या मुलीचा साखरपुडा. पण सर्व्हर रूमची एकुलती एक किल्ली त्यांच्या खिशात, झब्ब्याच्यासुद्धा. फोन करावाच लागला.

"म्हणजे वर चढलास आणि शिडीला लाथ मारलीस," सर म्हणाले.

"वाट लागली सर. नोकरी जाणार माझी. मी किल्ली न्यायला येतो."

"कशाला? मी रिक्षात बसलो पण."

मी घाबरत वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं रे. हे सकाळपासून चारदा हॉलबाहेर जाऊन आले. व्याह्यांना वाटलं, ह्यांना मुलगा पसंत नाही."

मी अंधेरीला पोचलो तर सर सिल्कच्या झब्ब्यात, केसांत अक्षता, मशीनवर हात ठेवून उभे. सगळं सुरू झालेलं. रजिस्टरमध्ये 'चूक कोणाची' या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"सर, चूक माझी आहे."

"तुला अजून चिकटायचंय. मला कोण काढतंय?"

त्यांना कुणी काढलं नाही खरं. सर्व्हर काढले. सगळं इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत गेलं, ती मशीनं कुठल्या गावात ते आम्हालाही माहीत नाही. सरांना एसीत चांगली खुर्ची मिळाली. सहा महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला. मी कायम झालो, आता त्या टीमचा प्रमुख आहे.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "काय रे, काही अडलंय का?"

"काही नाही सर. सगळं झकास," मी ऐटीत म्हणालो.

पलीकडे घरातल्या घरात फिरणाऱ्या चपलांचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "बरं आहे मग."

फोन ठेवल्यावर वाटलं, काहीतरी अडलंय म्हणायला हवं होतं.