यंत्राला आवाज देणारी वहिनी

माझी वहिनी शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये बोलते. "दरवाजा बंद होत आहे", "पाचवा मजला", "कृपया दरवाजापासून दूर उभे राहा", हे सगळं तीच. मी लिफ्ट दुरुस्त करतो. त्यामुळे दिवसभर लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून ग्रीसने हात बरबटवताना डोक्यावर वहिनी बोलत असते, आणि संध्याकाळी दादाकडे गेलो की पुन्हा वहिनीच. फरक एवढाच, की लिफ्टमधली वहिनी सहकार्याबद्दल माझे आभार मानते आणि घरातली विचारते, "ते काळे हात घेऊन पडद्याला कशाला शिवलास?"

बँकेला फोन केला तर "एक दाबा, दोन दाबा" म्हणणारीही तीच. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. भिंतींना स्पंज लावलेल्या एका कोंदट खोलीत बसून शून्यापासूनचे सगळे आकडे सुटे सुटे म्हणायचे, आणि असे म्हणायचे की नंतर कुठलाही आकडा कुठल्याही आकड्याला जोडता यावा. "त्याच्या मागेपुढे काही आहे असं वाटूच द्यायचं नाही," ती मला एकदा सांगत होती. मी विचारलं, "आणि राग आलेला असला तर?" "तो घरी आणायचा," ती म्हणाली. आणि ती आणायची, न चुकता. दिवसभर गोड बोलून साठलेलं सगळं दादाच्या पदरात पडायचं.

दादा शाळेची बस चालवतो. स्वभावाने गरीब, सवयींनी मात्र कुठल्याही बाईचं डोकं फिरवेल असा. ओला टॉवेल पलंगावर, कपाटाचं दार उघडं, बोलता बोलता चहात बोट घालून गरम आहे का ते बघणार. वहिनीचा तोंडाचा पट्टा सुरू झाला की तो शांतपणे बूट काढत बसायचा. उलटून बोललेला मी त्याला कधी पाहिला नाही. मला वाटायचं, बिचारा सोसतोय. माणसाला आपल्या सख्ख्या भावाबद्दल किती कमी कळतं!

मग वहिनीचा घसा बिघडला. आधी दुपारनंतर आवाज फाटायला लागला, मग सकाळीच. डॉक्टरीणबाईंनी घशात कॅमेरा घालून पाहिलं तर स्वरतंतूवर गाठ. गाठ साधी होती, पण काढावी लागणार होती. "आवाज येईल," बाई म्हणाल्या, "पण तो कसा असेल आणि किती असेल, ते मी आज सांगू शकत नाही." ज्या बाईचं पोट आवाजावर आणि स्वभावही आवाजावर, तिला हे ऐकून काय वाटलं असेल? ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून मान वर करून तिने दादाला विचारलं, "अहो, घरचा गॅस बंद केलात ना?" आणि आवाज बंद झाला.

आता आमच्या शहाणपणाची कथा. बाईंनी सांगितलं होतं की अजिबात बोलायचं नाही. आम्ही आपसांत ठरवलं की बोलायचं नाही म्हणजे मोठ्याने बोलायचं नाही. तेव्हा वहिनी कुजबुजायची. तिला बरं वाटावं म्हणून दादाही कुजबुजायचा, आणि त्या दोघांना बघून मीही. शेजारच्यांना वाटलं असणार की यांच्या घरी काहीतरी भानगड शिजतेय. पुढच्या तपासणीला हे कळलं तेव्हा डॉक्टरीणबाई चांगल्याच तापल्या. कुजबुजताना स्वरतंतूंवर बोलण्याहून जास्त ताण येतो म्हणे. "कोणी सांगितलं होतं हिला कुजबुजायला?" त्यांनी विचारलं. दादाने वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. जखम भरायला त्यामुळे आणखी वेळ लागला.

त्या दिवसापासून वहिनीने तोंडाला कुलूपच लावलं. इतकं, की पुढे जखम पुरती भरली, बाई म्हणाल्या "आता म्हणा बघू, आ", तर वहिनीने मान हलवली. नाही म्हणजे नाही. बाईंनी समजावलं की आता आवाज वापरायलाच हवा, फार दिवस टाळणं बरं नव्हे. वहिनीने ऐकून घेतलं, पर्स उचलली आणि घरी आली. दादा रोज सकाळी चहाचा कप तिच्यापुढे ठेवून आशेने बघायचा. ती कप उचलायची.

एकदा मी तिला सरळ विचारलं, "अगं, एकदा प्रयत्न तर कर. घाबरतेस कशाला?" तिने फोनवर टाइप करून माझ्यापुढे धरलं: "नाही आला तर?" मग ते पुसून पुन्हा टाइप केलं: "अजून बघितलं नाही तोवर गेलाय असं तरी नाही." मी उगाच पंख्याचं बटण तपासत बसलो.

अशात एक चष्मेवाली मुलगी दारात उभी राहिली. आमच्या जुन्या थिएटरमध्ये विज्ञानपटांचा महोत्सव भरणार होता, विषय विचार करणारी यंत्रं. त्यात बऱ्याच वर्षांपूर्वीचा एक अंतराळयानाचा सिनेमा होता, आणि त्या यानाच्या यंत्राचा आवाज म्हणजे आमची वहिनी! आम्हाला पत्ताच नव्हता. वहिनीलाही धड आठवत नव्हतं. त्या काळी तिला सुटी वाक्यं कागदावर मिळायची, ती लिफ्टची की यानाची हे कोण विचारतंय? पण या सिनेमाचे म्हणे वेडे चाहते आहेत आणि त्यांना तो आवाज प्रत्यक्ष बघायचा होता.

वहिनीने खुणेने घसा दाखवला. पण चष्मेवाली हटणाऱ्यातली नव्हती. वहिनीची परवानगी घेऊन तिने जुनी सगळी रेकॉर्डिंग्ज जमा केली आणि चार दिवसांनी एक टॅबलेट घेऊन आली. त्यावर टाइप केलं की तो वहिनीच्या आवाजात बोलायचा. हुबेहूब. दादा तर ते ऐकून खुर्चीतून अर्धा उठलाच.

सुरुवातीला आम्हाला हायसं वाटलं. पण त्या आवाजात लिफ्टचा गोडवा भरलेला होता, आणि रागवायचं त्याला शिकवलेलंच नव्हतं. वहिनी दात-ओठ खात टाइप करायची आणि टॅबलेट मंजुळ स्वरात म्हणायचा, "ओला टॉवेल पलंगावर कोणी टाकला." दादा लगेच टॉवेल उचलायचा आणि अवघडून उभा राहायचा, जणू एखाद्या कार्यालयात आलाय. पूर्वी असं कधी व्हायचं नाही. पूर्वी टॉवेल तिथेच राहायचा आणि घर घरासारखं वाटायचं. एकदा आम्ही दोघं जिन्यात उभे असताना तो म्हणाला, "ती चिडत का नाही रे आता?" मी म्हटलं, "चिडतेच आहे, तुला ऐकू येत नाही." तो म्हणाला, "तेच तर."

महोत्सवाच्या दिवशी थिएटर भरलेलं. खोक्यांना चंदेरी कागद चिकटवून पोरं यंत्रमानव झाली होती, आणि दारातच यंत्राला मन असतं का यावर वाद पेटला होता. माझ्या मते असतं, आणि ते खुनशी असतं; नाहीतर लिफ्ट नेमकी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी का अडकते? पण मला कोणी विचारलं नाही.

सिनेमा सुरू झाला. यानातली सगळी माणसं झोपलेली आणि एकटं यंत्र जागं, त्यांची राखण करणारं. शेवटी कप्तान त्याला बंद करायला येतो तेव्हा ते म्हणतं, "मी इथेच आहे. आपण निवांत झोपा." अंधारात आजूबाजूला नाकं ओढल्याचे आवाज आले. मी वहिनीकडे पाहिलं. तिचा हात गळ्यावर होता. तो भरलेला, स्वच्छ, तरुण आवाज सगळ्या थिएटरभर पसरला होता आणि तो आवाज डोळ्यांना दिसत असावा तशी ती पडद्याकडे बघत होती. दादाने तिचा दुसरा हात धरला होता. हिला उगाच आणलं इथे, असं मला मनापासून वाटलं.

मग तिला स्टेजवर नेलं. सोफा, पुढे माइक, टेबलावर टॅबलेट. टाइप करायला वेळ जातो म्हणून चष्मेवालीने टॅबलेटला स्वतःहून उत्तरं द्यायलाही शिकवलं होतं. वहिनीने फक्त मान हलवायची. पहिला प्रश्न आला, यंत्रासारखं बोलायचं कसं? टॅबलेटने झकास उत्तर दिलं, श्वासाबद्दल, सुट्या शब्दांबद्दल. मान्य करायला हवं, खुद्द वहिनीनेही इतकं नीट सांगितलं नसतं. वहिनीने मान हलवली.

मग मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "या सगळ्या काळात घरच्यांनी कसं सांभाळून घेतलं तुम्हाला?"

"माझे पती अत्यंत समजूतदार आहेत," टॅबलेट म्हणाला. "त्यांनी मला कधीही तक्रारीची संधी दिली नाही."

टाळ्या पडल्या. दादाने कॉलर नीट केली. स्टेजवर वहिनीच्या कपाळाला आठी पडली. ती आठी मला ओळखीची होती. तिने घाईने टाइप करायला घेतलं, पण टॅबलेट आपला चालूच होता: "घरातली सर्व कामे ते तत्परतेने आणि हसतमुखाने करतात."

वहिनीने टॅबलेट बाजूला सारला आणि माइक ओढला. आधी नुसती हवा आली. मग खरखर. मग तिने तोंड माइकला जवळजवळ टेकवून म्हटलं, "खोटं आहे."

सगळे थबकले. टॅबलेटसुद्धा, निदान मला तरी तसं वाटलं.

"साफ खोटं," वहिनी म्हणाली. आवाज जाड होता, घोगरा, मधेच तुटणारा, पण आवाज होता. "परवा दूध उतू घालवलं यांनी. आणि मला काय सांगतात? शेजारच्यांचं मांजर आलं होतं. मांजर गॅस पेटवतं का हो? मी तिथेच उभी होते. मला बोलता येत नाही म्हणून..."

आणि ती थांबली. आपण बोलतोय हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. हात पुन्हा गळ्याकडे गेला. थिएटर हसून लोटपोट झालं होतं, चष्मेवाली टॅबलेट बंद करून हसता हसता डोळे पुसत होती, आणि माझा दादा, सगळ्या लोकांमध्ये, उभा राहिला होता. तो हसत नव्हता. मीही नव्हतो. माझा जीव भांड्यात पडला होता आणि मला कोणाला तरी मिठी मारावीशी वाटत होती; शेवटी शेजारच्या चंदेरी खोक्यातल्या पोराच्या पाठीवर थाप मारली.

बाहेर पायऱ्यांवर आलो तर वहिनी पुन्हा गप्प. आवाज एकदाच आला होता का, रागाच्या भरात? दादाने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, थोडं थोडं बोलू द्या, उद्या घेऊन या. फोन ठेवून तो तिच्यासमोर उभा राहिला.

"बोल ना काहीतरी."

वहिनी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काय बोलू?"

दादा तिथेच पायरीवर बसला आणि रडायला लागला. "अहो, लोक बघतायत," ती म्हणाली. "बघू देत," तो म्हणाला, "तू बोल." मी पार्किंगकडे तोंड करून उभा राहिलो. मला तिथे काही काम नव्हतं.

पहिला आवाज काही परत आला नाही. आताच्या आवाजाने कोणी लिफ्टचे मजले सांगणार नाही, आणि कंपनीने तसं आडून आडून कळवलंही. वहिनी एक दिवस हिरमुसली. मग म्हणाली, जुना आहे ना त्यांच्याकडे, त्याला जाऊ दे कामाला. चष्मेवाली आता तिच्याकडून नव्या पोरांना आवाजाचं काम शिकवून घेते, दिवसाला थोडा वेळ. डॉक्टरीणबाईंनी बोलण्याला मर्यादा घातली आहे, त्यामुळे क्लास घेऊन आली की वहिनी मोजकंच बोलते. शब्द जपून वापरते. घरातल्या बारीकसारीक गोष्टींवर तर खर्चच करत नाही.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि दादा स्वयंपाकघराच्या मधोमध, शर्ट उलटा घालून. शिलाई बाहेर, खिसा आत. मी खुणेने त्याला शर्ट दाखवला. त्याने डोळे वटारून मला गप्प केलं आणि तिची मान वळायची वाट बघत तसाच उभा राहिला.