भाडेकरूला नोटीस

परवा बँकेतल्या पोरीनं माझ्या अंगठ्याला शाई लावली, आन त्या वासासरशी मला श्रीरामपुरातली मी भाड्यानं दिलेली खोली आठवली. बहात्तरच्या दुष्काळाचं साल हुतं. मी आडानी, पर ऐट घरमालकाची. खोली एक, भाडेकरूबी एकच, शाळेतल्या बाई. माझ्या साडूला जागा पायजे म्हनून बायकोनं धोशा लावला, "बाईंना काढा!" तोंडानं सांगायची माझी छाती हुईना, म्हनून कागद द्यायचं ठरवलं. पर लिवनार कोन? माझे समदे कागद बाईच लिवायच्या. गेलो तिथंच. "बाई, एक नोटीस लिवायचीय." "कुणाला, मालक?" मी खाली बघत म्हनलं, "भाडेकरूला." स्टोवरचा चहा उतू गेला, तरी बाई उठल्या न्हाईत. मंग दौत वढून त्यांनी इचारलं, "कारण काय लिहू?" मी म्हनलं, "तुमीच बगा कायतरी बरं." 'घरमालकांची अडचण आहे,' असं त्यांनी लिवलं, वाचून दावलं आन टाक माझ्या हातात दिला. "करा सही. येते तुम्हाला." येनारच. दिवाळीच्या सुट्टीत त्याच खोलीत बसून त्यांनीच शिकवली हुती. मी घाम पुसत केली. "छान आलीय," बाई म्हनल्या, आन म्हैन्यात खोली सोडून गेल्या. बँकेतली पोरगी मला म्हनली, "आजोबा, सही येत नाही का?" म्हनलं, "येती की बाय. पर एकदाच केली, तवापासून अंगठाच बरा वाटतो."